देवाच्या खांबाला लागलेली माती

सत्यनारायणाच्या पूजेला मला कुणी बोलावलं तर मी जाते, कथा ऐकते, शिरा दोनदा मागून घेते. पण चौरंगाच्या चार कोपऱ्यांना बांधलेले केळीचे खांब कुठल्या वाडीतून आणले आणि पूजा झाल्यावर ते कुठे जाणार, हे विचारल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. घरच्यांना याची लाज वाटते. सून तर आता मला मागे, दरवाजापाशी बसवते, म्हणजे माझा आवाज भटजींपर्यंत जाऊ नये. आवाज जातोच. उभा जन्म वाड्यांच्या बांधावरून ओरडण्यात गेला आहे, तो दोन रांगांनी अडत नाही.

संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, त्याही ‘जरा हलक्याफुलक्या’. एक हलकीफुलकी आहे, ती देते. दुसरी जी आहे ती लिहिताना अजून माझं डोकं तापतं. ती तशीच तापलेल्या डोक्याने लिहिणार आहे.

ऐंशीच्या दशकात बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, अजून वाड्या होत्या. वेलची केळी, वांगी, दुधी, मोगरा. त्या वाडीवाल्यांची एक सहकारी संस्था होती आणि मी तिची पीकरोग सल्लागार. पद मोठं, टेबल लहान. कचेरीच्या मागच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक कपाट आणि एक पंखा, जो वीज असली तरी फिरायचाच असं नाही. मी मुलुंडला राहायची. पवईवरून गोरेगाव, तिथून बोरिवली, अशा बस बदलत पोहोचायची आणि आल्या आल्या कुणीतरी सुकलेलं झाड मुळासकट, मातीसकट, माझ्या टेबलावर आपटायचं. ‘बघा मॅडम, काय झालंय याला.’ ती माती मग टेबलावर, जमिनीवर, माझ्या चपलांना. घरी जाण्याआधी मी चपला फिनेलने धुवायची. सगळे हसायचे. बाईमाणसाला स्वच्छतेचं वेड असतं, अशी त्यांची समजूत झाली होती आणि ती मी तशीच राहू दिली.

माझा निम्मा वेळ ज्या रोगामागे गेला त्याला वाडीवाले ‘मर’ म्हणतात. मर म्हणजे काय ते साधं सांगते. मातीत एक बुरशी असते. ती मुळातून आत शिरते आणि झाडात पाणी वर नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात त्यांत घर करते. नळ्या तुंबल्या की झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेने मरतं. केळीची आधी खालची पानं कडेने पिवळी पडतात, मग देठाशी मोडून बुंध्याभोवती लोंबायला लागतात. बुंधा आडवा कापलात तर आत तांबूस तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं. ते कडं दिसलं की त्या झाडाचं काही करता येत नाही. औषध नव्हतं. दुकानदार विकायचे ती निळी पावडर मातीत ओतून लोकांनी नुसते खिसे रिकामे केले.

झाड मेलं म्हणून बुरशी मरत नाही, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. ती जाड कवचाचे बीजाणू करते आणि मातीत पडून राहते. केळ लावा, न लावा, वर्षानुवर्षं तशीच. मध्ये एखाद्या गवताच्या मुळावरही दिवस काढते. केळीचं मूळ जवळ आलं की पुन्हा कामाला लागते. स्वतःहून ती हातभर सरकायलाही फार वेळ घेते. लांब नेतो तो माणूस. कुदळीला चिकटलेली माती, चपलेचा चिखल, रोगट झाडाच्या बुडातून काढलेले मुनवे, म्हणजे पुढच्या लागवडीची पिल्लं, आणि पाटाचं पाणी. त्यात माणसाचा स्वभाव असा की झाड मलूल दिसलं की तो पाणी वाढवतो. तेच पाणी रोग पुढच्या ओळीत नेतं. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगत असेन. एका सभासदाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात कुणी ओळखीचं आहे का मॅडम? ते किरण-बिरण मारून जमीन साफ करून देतील ना?’

आता ती हलकीफुलकी. गोरेगावच्या एका स्टुडिओतून एक गृहस्थ आले. गळ्यात रुमाल, तोंडात पान. सेटवर त्यांनी वांग्याचं शेत लावलं होतं आणि गोष्टीत ते वाळायचं होतं. नायिका त्यात उभी राहून रडणार होती. पण माळ्याने शेत असं झकास वाढवलं की ते वाळेना.

‘तुमच्याकडे तो मरवाला रोग असतो ना मॅडम, थोडा द्या ना,’ ते म्हणाले. ‘गुरुवारी शूटिंग आहे. डबीत वगैरे मिळत असेल ना?’

डबीत होता खरा, वांग्यावरचासुद्धा. माझ्या मागच्या कपाटातच होता. मी विचारलं, ‘शूटिंग संपल्यावर त्या शेतातली माती कुठे जाते?’

‘कुठेही. भरावाला देतो. कुणी कुंड्यांसाठी नेतं. का?’

मी त्यांना म्हटलं, पाणी तोडा, आपोआप वाळेल, आणि आता उठा. ते उठले, पण दारातून मागे वळून म्हणाले, ‘पाणी तोडलं की नॅचरल नाही ना वाटत.’ मी चिडले आणि ते गेल्यावर पोट धरून हसले. त्या माणसाला काही माहीत नव्हतं. ज्याला सगळं माहीत होतं त्याच्याबद्दल आता सांगते.

संस्थेचे अध्यक्ष वामनशेठ. नाव बदललं आहे, कारण नातवंडं इकडेतिकडे असतील आणि त्यांचा काही दोष नाही. वामनशेठची वेलची केळी त्या पट्ट्यात नावाजलेली. घड असे की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. नवी वाडी लावणारा प्रत्येक जण मुनवे न्यायला त्यांच्याकडे जायचा आणि त्यांनाही ते आवडायचं. ‘आमच्या वाडीचं पिल्लू कधी फसवत नाही,’ असं ते म्हणत. त्यांच्याच वाडीत, मागच्या कुंपणाला, मला मर सापडली. मी बुंधा त्यांच्यासमोर कापला, कडं दाखवलं. मग सांगितलं, की या वाडीतून आता मुनवा, बुंधा, पान, काही बाहेर जायचं नाही. रोगट झाडं आहेत तिथेच जाळायची. अवजारं इथलीच इथे ठेवायची. आणि सभासदांना कळवायचं, म्हणजे ज्यांनी तुमचे मुनवे नेले ते लक्ष ठेवतील.

‘तुम्ही म्हणाल तसं मॅडम,’ ते म्हणाले. ‘पण सभासदांना मीच सांगतो. माझ्या तोंडून कळलेलं बरं.’

मला ते पटलं. माणूस पुढाकार घेतोय असं वाटलं. पुढे दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा ‘सांगितलं हो’ असं उत्तर आलं. कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

संस्थेची दर वर्षी सत्यनारायणाची पूजा असायची. तिथली रीत अशी की पूजेचे खांब पानं खुडून आणलेले नसत, गड्ड्यासकट, मुळांसकट उपटून आणत. पूजा झाली की चारही खांब प्रसाद म्हणून चार सभासदांना द्यायचे. ज्याला मिळेल त्याने तो आपल्या वाडीत मानाच्या जागी लावायचा. वर्ष चांगलं जातं म्हणे. त्या वर्षी मी माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होते. खांब वामनशेठनी दिले, स्वतःच्या वाडीतले. त्यातला एक मिळाला कमळाताईंना.

कमळाताई म्हणजे सगळं एकटीने करणारी बाई. नवरा आदल्याच वर्षी गेला होता. पदरी एक मुलगी. दिराची आणि तिची वाडी एकाच तुकड्याच्या दोन वाटण्या. वरच्या अंगाला हिचं बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं. त्यावर दोन्ही घरांचा मिळून एक पंप. पाणी पाटाने आधी हिच्या ओळींतून जायचं आणि तेच पुढे थोरल्या जावेकडे, सुशीलाबाईंकडे. दीर गिरणीत कामाला, त्यामुळे तिकडची वाडीही बाईच बघायची. दोघी जावांचं फारसं पटत नसे, पण पाणी एक असल्याने रोज बोलावं लागे.

नवरा गेल्यावर कमळाताईला लोक सांगत होते, विकून टाक. बोरिवलीत इमारती येत होत्या आणि वाडीवाल्यांच्या ओट्यावर नकाशे घेतलेली माणसं बसू लागली होती. ती कुणाला उभं करत नसे. ‘माझ्या पोरीचं शिक्षण हिच्यावर हाय,’ असं जमिनीकडे बोट दाखवून म्हणायची. वेलची उभी आहे तोवर मी उभी आहे, असा तिचा साधा हिशेब होता.

पुढल्या वर्षी तिने मला बोलावलं. मी गेले तर तीन ओळींची पानं पिवळी, लोंबलेली. पायाखाली चिखल.

‘एवढं पाणी का घातलंय कमळाताई?’

‘सुकताहेत ना बाय. उन्हाने असेल म्हणून दिवसातून दोनदा सोडते.’

मी बुंधा कापला. कडं होतं. मग एकेक झाड बघत पाटाच्या कडेने उलटी वर गेले, कारण रोग पाण्याने आला असेल तर तो वरून आला असणार. पाटाच्या तोंडाशी, अगदी बावखलाजवळ, एक कुजलेला बुंधा होता. त्याच्या बुडातून दोन मुनवे आले होते. बुडाला हळदकुंकू, शेजारी उदबत्तीची राख. सगळं पाणी त्या बुंध्याच्या मुळांवरून जात होतं.

‘हा देवाचा खांब,’ ती म्हणाली. ‘पूजेतला. वामनभावजींच्या वाडीचा. पहिला हाच सुकला. मला वाटलं, माझ्या हातून काय चुकलं म्हणून देवाने तोंड फिरवलं. त्याला जास्त पाणी घातलं.’

मी तिथे काय बोलले ते छापता येणार नाही. सुदैवाने तिला वाटलं, मी केळीला बोलतेय.

तिला मी सांगितलं की हा खांब मुळासकट काढ, खड्ड्यातच जाळ, वर चुना टाक. रोगट ओळींचंही तसंच कर. अजून निम्म्याहून जास्त वाडी चांगली आहे, वाचेल. वामनशेठच्या वाडीत मर मी स्वतः पाहिली आहे, हेही सांगितलं. ती ऐकत होती, पण मान हलवत नव्हती. ‘प्रसाद कसा जाळू?’ म्हणाली. ‘नवरा गेल्यानंतरचा पहिला प्रसाद हाय तो. भावजींची वाडी रोगट असती तर त्यांनी देवाला दिलं असतं का? ते म्हणाले की ह्याच्यात रोग होता, तर काढते. नायतर माझ्याने नाय व्हायचं.’

मला ते योग्यच वाटलं. एवढंच हवं होतं ना, एका माणसाने एक वाक्य खरं बोलायचं. मी तडक कचेरीत गेले.

वामनशेठ चहा पीत होते. ‘हो, माझेच खांब,’ ते शांतपणे म्हणाले. ‘हिरवेगार बघून दिले. पुढच्या अंगाचे. मागे रोग होता, पुढे कुठे होता? आणि त्यांना घड काही येणार नव्हते, म्हटलं देवाच्या कामी तरी येतील.’

‘म्हणजे घड येणार नाहीत हे माहीत होतं.’

‘मॅडम, शब्दात पकडू नका.’

‘कमळाताईला येऊन सांगा. बाकी तिघांनाही सांगा. आजच.’

‘काय सांगू? देवाला मी रोगट खांब दिले म्हणून सांगू? चार माणसांत तोंड दाखवायचंय मला. आणि देवाच्या खांबाला रोग झाला, असं तुम्ही म्हणताय, बरं दिसतं का ते?’

मी कमळाताईला घेऊन पुन्हा गेले. वाटलं, तिच्या तोंडावर हा माणूस खोटं बोलणार नाही. तिच्या नवऱ्याबरोबर लहानपणापासून खाडीत पोहलेला माणूस. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘भावजी, एकच विचारते. तुमच्या वाडीत मर होती काय?’

वामनशेठनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘नाही गं,’ म्हणाले. ‘माझ्या वाडीत काही नाही. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना सगळीकडे रोग दिसतो. तू पाणी नीट दे, सगळं ठीक होईल.’

पाणी नीट दे, म्हणाले. मला वाटतं मी त्या दिवशी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. फेकला नाही, याचं अजून वाईट वाटतं. बोलले मात्र भरपूर, इतकं की रस्त्यावर माणसं थांबली. अध्यक्षांचा अपमान केला म्हणून समितीने मला माफी मागायला सांगितली. मी म्हटलं, अध्यक्षांनी केळीची माफी मागावी, मग बघू. नोकरी गेली नाही, कारण माझ्या पगारात दुसरं कुणी मिळत नव्हतं. पण कमळाताई माझ्या बाजूने आली नाही. ती त्यांचं ऐकून घरी गेली आणि तिने पाणी दिलं. मी तिला दोष कसा देऊ? मी बाहेरची, मुलुंडची, ते तिचे भावजी.

दुसऱ्या दोघांनीही खांब काढले नाहीत. तिसऱ्याने काढला, पण त्याला जागा हवी होती म्हणून. त्या पावसात बावखल भरून वाहिलं आणि कमळाताईच्या ओळी एकेक करून गेल्या. मी जायची, बांधावरून बघायची, पुन्हा सांगायची. ती म्हणायची, ‘बसा बाय, चहा घ्या.’ बसराई केळ लाव, तिला ही मर तशी लागत नाही, असंही सांगून पाहिलं. ती नुसती ऐकून घ्यायची. एखादं माणूस डोळ्यांसमोर बुडत असावं आणि त्याने चहाचं विचारावं, तसं मला व्हायचं. मी चहा घ्यायची आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडायची.

पाऊस संपल्यावर वामनशेठनी वाडी बिल्डरला दिली. उरलेली झाडं एका दिवसात तोडली. कमळाताई सहज बघायला गेली, शेजारधर्म म्हणून. आडव्या पडलेल्या बुंध्यांत तिला तांबूस कडं दिसलं, एकात नाही, कितीतरी. मी तिला तिच्याच वाडीत दाखवलं होतं तेच. तिने विचारलं तेव्हा वामनशेठ म्हणाले, ‘अगं, माझी तर कधीचीच गेलेली. आता काय त्याचं. तूही विकून मोकळी हो. मी बोलू का त्यांच्याशी?’

हे तिने मला कचेरीत येऊन सांगितलं. रडली नाही. ‘मी तोंडावर विचारलं होतं बाय त्यांना,’ एवढंच दोनदा म्हणाली. मग म्हणाली, चला. त्याच दुपारी तिने देवाचा खांब, त्याचे मुनवे, सगळं स्वतः खणून काढलं. आधी हात जोडले, मग कुदळ घातली. खड्ड्यात जाळलं, चुना टाकला, कुदळ तिथेच धुतली आणि हातपायही. मी सांगितलेला एकेक शब्द तिच्या लक्षात होता.

तिच्याकडे तेव्हा खालच्या अंगाच्या काही ओळी अजून चांगल्या होत्या. त्यांच्यापलीकडे सुशीलाबाईंची वाटणी, अजून पूर्ण हिरवी. मी म्हटलं, रोगट भागाला वळसा घालून नवा पाट काढू, हद्दीवर बांध घालू, तुझ्या ओळीही वाचतील आणि जावेचीही वाडी वाचेल.

‘बांधातून झिरपणार नाय ना?’

‘झिरपू नये.’

‘नाय झिरपणार, असं सांगा.’

ते मला सांगता येत नव्हतं. मातीबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही. ती वळून जावेच्या हिरव्या ओळींकडे बघत राहिली.

चैत्रात मी तिकडे गेले तर पंपाला कुलूप. पाटाचं तोंड दगडमातीने बुजवलेलं. कमळाताईच्या चांगल्या ओळीही करपून गेल्या होत्या, रोगाने नाही, उन्हाने. पाण्याचा थेंब तिने कुणाकडे सोडला नव्हता. इकडचं पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून पाऊस येण्याआधी हद्दीवर खोल चर खणायला घेतला होता, एकटीने. आणि बांधापलीकडे सुशीलाबाई डोक्यावर हंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांना आता पार रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणावं लागत होतं, केळींना, खेपा घालून. त्या सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या.

‘स्वतःची जाळलीस, आता माझी जाळ. नवरा खाल्लास, वाडी खाल्लीस, आता माझं पाणी तोडलंस. कधी भलं व्हायचं नाय तुझं कमळे.’

कमळाताई खाली मान घालून खणत राहिली. माझं डोकं सणकलं. मी बांधाकडे निघाले, म्हटलं आज हिला ऐकवतेच, ही बाई कुणासाठी काय करतेय ते. कमळाताईने चरातून हात वर करून माझ्या साडीचा पदर धरला.

‘नको बाय. सांगितलं तर ऐकणार नाय ती. म्हणेल, माझी तर हिरवीगार हाय, सोड पाणी. मी तरी तुमचं कुठे ऐकलं होतं?’ मग तिने पदर सोडला आणि कुदळ उचलली. ‘शिव्या देऊ दे तिला. दिसते ना वाडी हिरवी? मग देऊ दे.’